उभी बैठक

माझा जावई टेंपो चालवतो, अशी बातमी आमच्या वाईत एकदा पसरली होती. तिचा उगम माझ्यापाशीच होता. पहिल्यांदा टेक्सासला जाऊन आलो, तेव्हा गणपती आळीच्या कोपऱ्यावर कोणीतरी विचारले, "जावईबापूंची गाडी कोणती?" आणि मी बेसावधपणे सांगून बसलो, "टेंपोसारखी आहे. पुढे माणसे बसतात, मागे उघडा हौदा." संध्याकाळपर्यंत ही वार्ता घाटावर पोचली. दुसऱ्या दिवशी एका जुन्या स्नेह्याने माझा हात हातात घेऊन फार जिव्हाळ्याने सांगितले, "कष्टाचं काम आहे, त्यात कमीपणा कसला?"

जावई संगणकाच्या कंपनीत इंजिनियर आहेत आणि ती गाडी म्हणजे पिकअप ट्रक. तिकडे तिला प्रतिष्ठा आहे. आपला टेंपो हा शब्दही मुळात हँबुर्गच्या एका कारखान्याच्या तीनचाकी गाडीचे नाव. ती गाडी १९५८ च्या सुमारास आपल्याकडे बनू लागली आणि पुढे मालवाहू छोट्या गाडीला सरसकट तेच नाव चिकटले. अमेरिकेतला पिकअप त्याहून जुना. फोर्डने १९२५ साली आपल्या मॉडेल टी गाडीला मागे लोखंडी हौदा बसवून ती २८१ डॉलरना विकायला काढली. शेतकऱ्यासाठी काढलेली ही गाडी. पुढे तिच्यात शेतकऱ्याचे कुटुंब बसू लागले. १९५७ साली इंटरनॅशनल हार्वेस्टरने मागच्या बाकासाठी वेगळे दार ठेवून तीन दारांचा पिकअप काढला, आणि आता चार दारे ही तिथली रीतच होऊन गेली आहे. पुढे दोघे, मागे तिघे, आणि त्यांच्यामागे हौदा. त्या हौद्यात मी तीन महिन्यांत एकदाही काही भरलेले पाहिले नाही, हे जाता जाता सांगतो.

मला सांगायचे आहे ते मात्र हौद्याविषयी नव्हे, मागच्या बाकाविषयी. हे बाक दोन तुकड्यांचे असते, एक मोठा व एक लहान. बसायची गादी खालून उचलली, की ती बिजागरीवर फिरून पाठीला टेकते आणि उभी राहते. मग खाली सपाट जमीन मोकळी होते. तिथे भाजीच्या पिशव्या ठेवा, खोकी ठेवा, नाहीतर कुत्रा बसवा. जावयांच्या गाडीत लहान तुकड्यावर माझी नात बसे आणि मोठा तुकडा कायमचा उभा करून त्याखालच्या जागेत लाडू बसे.

लाडू हे कुत्र्याचे नाव. नात चार वर्षांची असताना तिने ठेवलेले. लॅब्रॅडोर जातीचा, वय अकरा, वजन बत्तीस किलो, रंग अगदी पाकात मुरलेल्या बेसनाचा. ज्याच्या नावात लाडू त्याला लाडू मात्र वर्ज्य. त्यातले बेदाणे कुत्र्यांना विषासारखे बाधतात, हे मुलीने मला आल्या दिवशीच बजावले होते. मागच्या पायांचे सांधे धरल्यामुळे त्याला महिन्याला एक इंजेक्शन असे आणि दर रविवारी नदीवर पोहायला नेत. पाण्यात सांध्यांवर भार पडत नाही.

२०२४ च्या पावसाळ्यानंतर मी तिकडे गेलो तो पहिल्यांदाच एकटा. हिला जाऊन तेव्हा दीड वर्ष झाले होते. सकाळी आठ वाजले, की मुलगी इस्पितळात, जावई कचेरीत, नात शाळेत. मागे उरत असू मी आणि लाडू. तो माझ्या खुर्चीच्या पायाशी पडून असे. मी वर्तमानपत्राचे पान उलटले, की एक डोळा उघडून पाही आणि पुन्हा मिटून घेई. चाळीस वर्षांच्या संसारात हीसुद्धा थोडीफार असेच करीत असे. तिचा राग नसता आला या तुलनेचा. कुत्र्यांवर तिचा फार जीव.

तर १२ ऑक्टोबरला दसरा आला. गाडीची पूजा करायची म्हणून मी सकाळी बादली नि फडके घेऊन बाहेर पडलो. जावयाच्या घरी सासऱ्याने बसून खाऊ नये, हा आमच्या वडिलांचा दंडक मनात कुठेतरी असणारच. बाहेरून गाडी चकचकीत केली आणि मागचे दार उघडले, तर त्या उभ्या गादीला एक रबरी दोरी गुंडाळलेली. दोन टोकांना दोन आकडे, एकावरचे हिरवे आवरण निघालेले. उन्हाने रंग विटलेला, अंगावर कुत्र्याचे केस. डोके टेकायच्या उशीच्या दांड्यांना आकडा घालून कशीतरी आवळलेली. सणाच्या दिवशी हे ध्यान कशाला, असे मला वाटले. मी ती काढली, धुतली, वेटोळे करून खिशातल्या सुतळीच्या तुकड्याने बांधले आणि गराजमधल्या फळीवर ठेवून दिली. गादीला पाठीशी दाबून पाहिले. उभी राहिली. झेंडूची माळ घातली, हळदकुंकू वाहिले. सगळ्यांनी गाडी किती छान दिसते म्हटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीवर निघालो. तो भाग टेकड्यांचा आहे, आणि हरणे आपल्याकडच्या शेळ्यांसारखी रस्त्यात येतात. एका उतारावर एक हरिणी झाडीतून निघाली. जावयांनी ब्रेक दाबला. हरिणी गेली, आणि मागे धप्पकन आवाज होऊन लाडू असा ओरडला, की नातीने दोन्ही कान झाकून घेतले.

गादी त्याच्या कमरेवर पडली होती.

रविवारी उघड्या असणाऱ्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी चित्र काढले, हाड मोडलेले नव्हते. मुका मार होता. परत येताना मुलगी मागे लाडूजवळ बसली आणि हाताने गादी धरून राहिली. जावई गाडी चालवता चालवता म्हणाले, "चूक माझीच. ती रबरी दोरी जुनी झाली होती. तुटली असणार कुठेतरी. नवी घ्यायची रोज विसरत होतो."

मी शेजारी बसलो होतो. त्याच क्षणी बोलायला हवे होते. जीभ रेटली नाही. पस्तीस वर्षे शाळेत गणित शिकवले. 'काच कोणी फोडली?' या प्रश्नावर वर्गभर शांतता पसरे तेव्हा मला मुलांचा भारी राग येत असे. ती शांतता आतून कशी असते ते पंच्याहत्तराव्या वर्षी कळले.

लाडू चार दिवसांत हिंडूफिरू लागला. पण गाडीपाशी नेला, की पाच पावले अलीकडे बसून घेई. ओढला तर मान खाली घाली. मुलीच्या छोट्या गाडीचे दार उघडले तरी तेच. इंजेक्शनची तारीख होती २ नोव्हेंबर, म्हणजे दिवाळीचा पाडवा. बत्तीस किलोचे, कमरेत दुखणारे जनावर उचलून कोंबायचे कसे? आणि कोंबले तर पुन्हा कोणत्याही दाराजवळ ते येईल का?

जावयांनी नवी रबरी दोरी आणली. मी म्हटले, "थांबा, मला जरा पाहू द्या." घरच्या मंडळींना वाटले, म्हाताऱ्याला उद्योग मिळाला. मला तेच हवे होते.

दुपारी नातीचा कोनमापक आणि सुतळी घेऊन गाडीत शिरलो. सुतळीला किल्ली बांधून ओळंबा केला. बिजागरीपासून गादीच्या मध्यापर्यंत दुसरी सुतळी ताणून धरली आणि दोन्हींतला कोन मोजला. जेमतेम दहा अंश. म्हणजे गादी 'पाठीला टेकून उभी' होती ती इतकीच कललेली. आता दहा अंशांनी मागे रेललेली वस्तू पुढे पडायला किती धक्का लागेल, हे दहावीचा मुलगा सांगेल. गाडीचा वेग दर सेकंदाला ताशी सहा किलोमीटरने उतरला, तरी पुरे. सिग्नलला हळूच थांबतानाही कधी कधी तेवढा उतरतो! जोराचा ब्रेक दाबला तर सुक्या रस्त्यावर वेग सेकंदाला पंचवीस-तीस किलोमीटरने उतरतो. मग गादी काय, गादीचा बापही उभा राहणार नाही. गादी जागी धरायला कारखान्याने एक चाप दिलेला होता, पण वर्षानुवर्षांच्या वापराने तो झिजून नुसता नावाला राहिला होता. मी दसऱ्याला दाबून पाहिली तेव्हा गाडी उभी होती. उभ्या गाडीत सगळेच उभे राहते.

कारण कळले, आता उपाय. नवी रबरी दोरी मला पसंत नव्हती. रबराचा धर्म ताणण्याचा. ब्रेक लागला की गादी वीतभर पुढे येणार, मग दोरी तिला मागे आपटणार. कुत्र्याच्या डोक्यावर कोणीतरी सतत दार उघडझाप करावे तसे. शिवाय त्या उन्हात, जिथे उन्हाळ्यात पारा शंभर अंश फॅरनहाइट सहज ओलांडतो, रबर टिकते किती? आणि ताणलेला आकडा निसटला तर सरळ डोळ्याकडे येतो.

नात म्हणाली, "आजोबा, वेल्क्रो लावू या ना!" तिच्या बुटांना असते ते. ही कल्पना मला मोहात पाडून गेली, कारण तिचे मूळही एका कुत्र्यापाशीच आहे. १९४१ साली स्वित्झर्लंडचे जॉर्ज द मेस्त्राल नावाचे इंजिनियर कुत्र्याला घेऊन डोंगरात फिरायला गेले, आणि परत आल्यावर कुत्र्याच्या केसांत अडकलेली बोंडे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली धरली. प्रत्येक काट्याच्या टोकाला बारीक आकडा! त्यावरून त्यांनी आकड्यांची आणि फाशांची पट्टी बनवली. १९५५ साली तिचे पेटंट झाले. आपण शतकानुशतके धोतराला चिकटलेला आघाडा उपटून फेकत आलो, फार तर गणपतीला पत्री म्हणून वाहिला. असो. पण वेल्क्रोचा एक स्वभाव आहे. पट्ट्या एकमेकींवरून सरकवू गेलात तर हटत नाहीत. कडेपासून सोलत गेलात तर मूलही उघडते. गादी पुढे पडताना वरच्या कडेपासून सोलूनच निघणार होती. आणि मागचा डिंक त्या उन्हात वितळला असता ते वेगळेच.

मग मला वडिलांची आठवण झाली. वाईच्या बाजारात आमचे किराण्याचे दुकान होते. छताला टांगलेल्या डब्यातून सुतळी खाली लोंबत असे आणि वडील न बघता पुडी बांधीत. मला सातव्या वर्षी त्यांनी दोन गाठी शिकवल्या. सुरगाठ आणि निरगाठ. सुरगाठीचे टोक ओढले की ती सुटते. निरगाठ ओढली की आणखी आवळते. ते म्हणत, "गाठ अशी पाहिजे, की वाटेत सुटता कामा नये आणि घरी गेल्यावर बाईमाणसाला नखांनी झगडावं लागता कामा नये." पसरणीचा घाट उतरणाऱ्या गाड्यांवरची पोती ते निरगाठीने बांधून घेत, पण सगळ्यात वरच्या दोराला हटकून सुरगाठ. बैल अडला, गाडी कलंडली, तर एका हिसक्यात ओझे मोकळे करता आले पाहिजे.

मला नेमके तेच हवे होते. ताणणारे नको, न सुटणारे हवे. पण उद्या मागे माणसे बसवायची झाली तर चटकन निघणारे. आणि हे सारे वर्णन ज्याला लागू पडते अशी वस्तू माझ्याच खोलीत पलंगाखाली पडली होती.

परदेशी जाणाऱ्या बॅगेला आपण पट्टा बांधतो ना, तो. लाल रंगाची नायलॉनची नवार, दीड बोट रुंद, आणि टिच् करून बसणारा काळा चाप. आमच्या पहिल्या अमेरिकावारीच्या वेळी हिने तुळशीबागेतून आणला होता. विमानतळावर शंभर बॅगांतून आपली ओळखू यावी म्हणून तिने त्यावर जुन्या पैठणीच्या काठाचा पिवळा तुकडा शिवला होता. ती गेल्यानंतर मी एकटा निघालो तेव्हा बॅग भरताना तो पट्टा दोनदा काढून ठेवला आणि तिसऱ्यांदा बांधला.

हिशेब केला. गादी अंदाजे बारा किलोची. जोराच्या ब्रेकला तिच्या वरच्या कडेशी पट्ट्यावर येणारी ओढ चार-पाच किलो वजनाइतकी. म्हणजे फराळाची एक भरलेली पिशवी. भर विमानतळावर हमालांची आपटाआपटी सोसलेल्या पट्ट्याला ते काहीच नव्हे. (खरोखरीच्या अपघातात ही ओढ कितीतरी पटींनी वाढते, तिथे कुठल्याच पट्ट्याची बढाई मारू नये.) उशीच्या दोन्ही लोखंडी दांड्यांमागून पट्टा घेतला, गादीच्या पोटाशी जो लोखंडी दांडा असतो त्यातून ओवला, आवळला. नातीचा सुरक्षापट्टा कुठे अडकत नाही ना, ते दोनदा पाहिले. टिच्. दोन्ही हातांनी गादी पुढे खेचली, खांदा लावला, शेवटी पाय लावला. हलली नाही.

पण हे मला कळले. लाडूला कोण सांगणार? त्याला दहा अंश कळत नाहीत, आणि नवारीची ताकदही. त्याला एवढेच ठाऊक, की या दारातून आत गेले की पाठीत काहीतरी कोसळते.

म्हणून मी स्वतःच जाऊन बसू लागलो. रोज अकरा वाजता गाडीची दारे सताड उघडी टाकून, त्या उभ्या गादीखाली, लाडूच्या जागी, जमिनीवर, मांडी घालून. हातात वर्तमानपत्र, शेजारी पोळीचा चतकोर. पहिल्या दिवशी लाडू पाच पावलांवर बसून माझ्याकडे पाहत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर माझ्या बुद्धीविषयी स्पष्ट शंका होती. दुसऱ्या दिवशी शेजारचे वृद्ध गोरे गृहस्थ कुंपणाशी आले आणि मला कोणी आत कोंडले आहे का, याची त्यांनी मोठ्या सभ्यपणाने चौकशी केली. मी सांगितले, कुत्र्याची वाट पाहतो आहे. त्यांनी मान डोलावली. तिसऱ्या दिवसापासून ते हात हलवून जाऊ लागले. जमिनीवर बसून पाय आखडत. उठताना माझीही मागची बाजू लाडूसारखीच कुरकुरे.

पाचव्या दिवशी तो तीन पावलांवर आला. सातव्या दिवशी त्याने पोळी दारातून पळवली. मी गराजमधली एक फळी दाराला तिरपी टेकवून तिच्यावर जुने पायपुसणे बसवले, म्हणजे उडी मारायला नको. नवव्या दिवशी पुढचे दोन पाय फळीवर आले आणि अर्धा तास तसेच राहिले. मी हललो नाही. वर्तमानपत्राचे पान उलटायचे राहून गेले. नाहीतरी ते पान मला कधीचे पाठ झाले होते.

बाराव्या दिवशी, मी डुलकीत असताना, मांडीला ऊब लागली. डोळे उघडले तर तो आत होता. मी वर हात नेऊन पट्टा एकदा चाचपला, मग त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याने एक मोठा उसासा टाकला. मग मीही टाकला.

नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री जावई आणि मी पुढच्या ओसरीवर आकाशकंदील टांगत होतो. ते शिडीवर, मी खाली सुतळी हातात घेऊन. घरात मुलगी चकल्या तळत होती. उद्या पहाटे अभ्यंगस्नान. निदान त्याआधी तरी हे ओझे उतरवावे, असे मनाने घेतले. मी म्हणालो, "जावईबापू, एक सांगायचं राहिलंय. ती रबरी दोरी तुटली नव्हती."

ते कंदिलाची कडी वाकवीत होते. म्हणाले, "माहीत आहे, अण्णा."

"म्हणजे?"

"तिसऱ्या दिवशीच सापडली मला, फळीवर. धुतलेली, वेटोळं केलेली, आणि वरून सुतळीची सुरगाठ. अख्ख्या टेक्सासमध्ये अशी गाठ दुसरं कोण मारणार?"

मला वर बघवेना. "मग बोलला का नाहीत?"

"बोलणार होतो," ते म्हणाले. "पण दुपारी घरी फोन केला, तर ही म्हणाली, अण्णा गाडीत जमिनीवर जाऊन बसलेत. मग काय बोलायचं?" आणि हात खाली करून म्हणाले, "सुतळी द्या. आणि इथे निरगाठच मारा, वारा फार आहे."

पाडव्याच्या सकाळी आम्ही तिघे निघालो. पाडव्याला ही मला ओवाळीत असे. तिकडे मुलीने ताम्हन समोर आणून ठेवले आणि माझ्याकडे पाहून घाईघाईने नवऱ्याला ओवाळले. नंतर नातीने माझ्यापुढे निरांजन धरले आणि हळदकुंकवाचे बोट लाडूच्याही कपाळाला लावून घेतले. तो फळीवरून चढला, एकदा थबकला, वर त्या पिवळ्या काठाच्या तुकड्याकडे नाक नेऊन हुंगला आणि आपल्या जागी जाऊन बसला.

त्याच उतारावर पुन्हा समोरच्या गाडीने करकचून ब्रेक दाबला आणि आम्हालाही दाबावा लागला. माझ्या मांडीवरचा फराळाचा डबा, डॉक्टरीणबाईंसाठी नेलेला, पायाशी जाऊन उपडा झाला. जावयांनी आरशात पाहिले. मी मान वळवून पाहिले.

गादी उभी होती. लाडूने एक डोळा उघडला आणि मिटला.

"पट्टा परत न्यायचाय ना तुम्हाला? बॅगेला?" जावयांनी विचारले.

मी खाली वाकून शंकरपाळे गोळा करीत होतो. म्हणालो, "बॅगेला सुतळी बांधीन."